मूत्रपिंडाची गाळणी आणि तिचे रासायनिक दूत



ह्या वसंत व्याख्यानमालेसाठी मला बोलावणे आले, तेव्हा मी कामगार चळवळीच्या इतिहासावर बोलेन अशी चालकांची अपेक्षा असावी. मी विषय कळविला तो मूत्रपिंडाचा. चिटणीसांचा लगेच फोन आला, "विषय लिहिण्यात काही चूक तर नाही ना?" चूक नव्हती. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. वैद्यकाची पदवी मजजवळ नाही, आणि आज मी जे सांगणार आहे ते शब्दकोश उघडा ठेवून, जाणत्या माणसांना पुन्हा पुन्हा विचारून, हळूहळू जमविलेले आहे. तेव्हा ह्या विषयाच्या नादी मी का लागलो, हे आधी सांगणे भाग आहे.

मी पंचवीस वर्षे ओतकामाच्या कारखान्यांतील कामगारांत काम करीत आहे. भट्टीपुढे उभा राहणारा माणूस चैत्र-वैशाखात किती घाम गाळतो, ते पाहिल्याशिवाय कळत नाही. अंगातला सदरा वाळतो तेव्हा त्याच्यावर मिठाचे पांढरे पट्टे उमटतात. एका कारखान्यात पिण्याच्या पाण्याचा नळ आवाराच्या दुसऱ्या टोकाला होता. जाऊन येण्यात दहा मिनिटे मोडत, आणि तेवढे साचे कमी भरले की मुकादमाची बोलणी खावी लागत. म्हणून माणसे पाणीच कमी पीत. कंबर आणि डोके दुखू लागले की युनियनच्या कचेरीत येत. माझ्या टेबलाच्या खणात दुखण्यावरच्या गोळ्यांची पाकिटे असत. ती मी स्वतः विकत आणून ठेवीत असे आणि मागेल त्याला देत असे. मला ते पुण्यकर्म वाटे.

त्यांत एक साचेवाला होता. सारे त्याला मामा म्हणत. सेहेचाळिसाव्या वर्षी त्याचे पाय सुजले, अन्न जाईना, आणि तपासणीत दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निघाले. आठवड्यातून दोनदा त्याचे रक्त यंत्रातून धुवावे लागे. तेथल्या तरुण डॉक्टरांनी मला एकच प्रश्न विचारला, "हे दुखण्याच्या गोळ्या किती घेत होते?" मी म्हणालो, "रोज एक-दोन." त्यांनी पुढे विचारले, "कोण देत होते?" त्या प्रश्नाला मी उत्तर दिले नाही.

मामाचा रक्तदाबही वाढलेला होता. केवळ गोळ्यांनीच त्याचे मूत्रपिंड गेले असे कोणी सिद्ध केले नाही, आणि डॉक्टरही तसे म्हणाले नाहीत. परंतु गोळी, घाम आणि मूत्रपिंड ह्यांचा संबंध काय, हे समजून घेतल्याशिवाय मला झोप लागेना. त्या शोधात निघालो आणि साडेतीनशे वर्षांचा एक इतिहास हाती लागला. तो आज आपल्यापुढे ठेवतो.

१

प्रथम ही गाळणी म्हणजे काय ते पाहू. माणसाच्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गुच्छ असतात. केसाहूनही बारीक अशा रक्तवाहिन्यांचे ते वेटोळे. हृदयातून दर मिनिटाला जितके रक्त बाहेर पडते, त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा ह्या दोन मुठीएवढ्या अवयवांकडे जातो. दिवसभरात ह्या गुच्छांतून सुमारे १८० लिटर पाणी गाळले जाते. पुढच्या नळ्या त्यांतले बहुतेक सारे परत रक्तात घेतात आणि दीड-दोन लिटर तेवढे मूत्र म्हणून बाहेर पडते.

हे गुच्छ पहिल्यांदा पाहिले ते इटलीतील बोलोन्याच्या मार्चेल्लो माल्पिगी ह्याने. मूत्रपिंडाच्या रक्तवाहिनीत काळा द्रव सोडून त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा झाडाला फळे लोंबावीत तसे गोल दाणे त्याला दिसले. १६६६ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले. पण दाण्यांचे काम काय, हे कळायला पावणेदोनशे वर्षे जावी लागली. लंडनच्या विल्यम बोमनने १८४२ मध्ये दाखविले की, प्रत्येक गुच्छ एका पिशवीत बसविलेला आहे आणि त्या पिशवीचे तोंड मूत्राच्या नळीत उघडते. त्याच सुमारास जर्मनीत कार्ल लुडविग ह्याने मत मांडले की, गुच्छातून पाणी बाहेर येते ते रक्ताच्या दाबाने. हा दाबच येथे मुख्य आहे. पाण्याच्या टाकीला उंची नसेल तर नळाला धार येत नाही, तसेच हे.

मतावर न थांबता पुरावा मिळविला तो अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे आल्फ्रेड न्यूटन रिचर्ड्स आणि जोसेफ वेर्न ह्यांनी. १९२४ मध्ये त्यांनी बेडकाच्या एका गुच्छाच्या पिशवीत काचेची अतिसूक्ष्म नळी खुपसून त्यातला थेंब बाहेर काढला आणि तपासला. त्या थेंबात रक्तातले प्रथिन नव्हते. गाळणी खरोखरच गाळते, हे तेव्हा डोळ्यांना दिसले.

गाळणी बिघडली म्हणजे काय होते, हे मात्र त्याच्या आधीच ठाऊक झाले होते. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलात रिचर्ड ब्राइट हा वैद्य अंगावर सूज आलेल्या रोग्यांचे मूत्र चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवी. काहींचे मूत्र अंड्यातील पांढऱ्या बलकासारखे गोठे. हे रोगी मेल्यावर त्यांची मूत्रपिंडे तो पाही, तेव्हा ती विकृत निघत. १८२७ मध्ये त्याने हे संबंध जोडून दाखविले. १८३६ मध्ये त्याने आणखी एक गोष्ट नोंदविली : ह्यांतील पुष्कळांचे हृदय मोठे झालेले असते. रक्ताच्या गुणधर्मात काहीतरी बदल होऊन बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त ढकलण्यास हृदयाला जास्त जोर लावावा लागत असावा, असा त्याचा तर्क होता. रक्तातले ते 'काहीतरी' म्हणजे काय, हे शोधायला आणखी साठ वर्षे लागली.

२

स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत रॉबर्ट टिगरस्टेट हा फिनलंडचा प्राध्यापक होता. पेर बेर्गमन हा त्याचा विद्यार्थी. १८९६-९७ च्या हिवाळ्यात ह्या दोघांनी सशाची ताजी मूत्रपिंडे कुटून त्यांचा अर्क काढला आणि दुसऱ्या सशाच्या शिरेत टोचला. सशाचा रक्तदाब चढला. मूत्रपिंडाच्या बाहेरच्या थराचा अर्क लागू पडे, आतल्या गाभ्याचा पडत नसे. अर्क उकळला की त्याचा गुण जाई. १८९८ मध्ये हे प्रसिद्ध करताना त्यांनी त्या पदार्थाला 'रेनिन' असे नाव दिले. मूत्रपिंड रक्तामार्फत साऱ्या शरीराला निरोप धाडते, असा त्याचा अर्थ होता. तो कोणी मनावर घेतला नाही. पस्तीसएक वर्षे तो निबंध कपाटात पडून राहिला.

ह्या टिगरस्टेटची दुसरी एक कामगिरी आहे. मूत्रपिंडाच्या पुस्तकांत ती सहसा सापडत नाही, पण माझ्यासारख्याला ती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. पुढे तो हेलसिंकीला प्राध्यापक झाला. १९१८ मध्ये फिनलंडात यादवी युद्ध झाले, त्यात तांबड्या पक्षाचा पराभव झाला आणि हजारो कैदी छावण्यांत कोंडले गेले. बहुसंख्य कामगार आणि भूमिहीन कुळे. तामिसारीच्या छावणीत माणसे उपासमारीने आणि रोगाने पटापट मरत होती. टिगरस्टेटने तेथील परिस्थिती तपासली आणि किती अन्न मिळते, किती माणसे मरतात, ह्याचा अहवाल लिहिला. तो अहवाल स्वीडनच्या वृत्तपत्रांच्या हाती गेला आणि जगाला ती गोष्ट कळली. टिगरस्टेट तांबड्यांच्या पक्षाचा नव्हता. माप घेणे आणि जे माप निघेल ते लिहिणे एवढेच त्याने केले, सशाच्या बाबतीत आणि कैद्यांच्या बाबतीतही.

रेनिन कपाटातून बाहेर आले ते १९३४ मध्ये. अमेरिकेत क्लीव्हलँड येथे हॅरी गोल्डब्लाट ह्याने कुत्र्याच्या मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला चांदीचा चिमटा लावून ती थोडी आवळली. कुत्र्याचा रक्तदाब चढला आणि चढलेलाच राहिला. रक्त कमी मिळाले की मूत्रपिंड हाकाटी करते, हे आता नाकारता येईना.

मग हाकाटीचे शब्द कोणते, ह्याचा शोध दोन ठिकाणी एकाच वेळी लागला. अमेरिकेत इंडियानापोलिस येथे अर्विन पेज, आणि अर्जेंटिनात ब्वेनोस आइरेस येथे एदुआर्दो ब्राऊन-मेनेंदेस व त्याचे सहकारी. १९३९-४० मध्ये दोघांनाही असे आढळले की, रेनिन स्वतः रक्तवाहिन्या आवळत नाही. ते रक्तातल्या एका प्रथिनाचा तुकडा तोडते आणि पुढचे काम त्या तुकड्यामुळे होते. एकाने त्याला 'अँजिओटोनिन' म्हटले, दुसऱ्याने 'हायपरटेन्सिन'. शास्त्रज्ञांतही आपल्यासारख्याच दोन युनियनी होतात! परंतु १९५८ मध्ये दोघांनी आपापले अर्धे नाव सोडले आणि 'अँजिओटेन्सिन' हे सामाईक नाव ठरविले. युनियनींच्या फुटी पाहण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला ह्या गोष्टीचे कौतुक वाटल्यास नवल नाही.

ब्वेनोस आइरेसच्या ह्या मंडळींचा आधार होता बेर्नार्दो हूसाय. १९४३ मध्ये लोकशाहीच्या मागणीच्या पत्रकावर सही केली म्हणून लष्करी सरकारने त्याला विद्यापीठातून काढून टाकले. त्याने व सहकाऱ्यांनी देणग्यांवर स्वतंत्र संस्था काढली आणि काम चालू ठेवले. १९४७ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

१९५० नंतरच्या दशकात क्लीव्हलँडच्या लेनर्ड स्केग्ज ह्याने दाखविले की, तोडलेला पहिला तुकडा निरुपद्रवी असतो. दुसरे एक विकर त्याची शेपटी छाटते, तेव्हा तो प्रभावी होतो. ही छाटणी थांबविता आली तर रक्तदाब उतरेल, हे उघड होते. थांबविणारा पदार्थ सापडला तो सापाच्या विषात. ब्राझीलमध्ये जराराका नावाचा साप आहे. त्याच्या विषाने रक्तातून एक पदार्थ सुटतो आणि रक्तवाहिन्या सैल पडतात, हे तेथील मौरीसियू रोशा इ सिल्वा व त्याच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये शोधले होते. त्याचा शिष्य सेर्जियू फेरेरा ह्याने त्या पदार्थाचा जोर वाढविणारा घटक विषातून वेगळा काढून १९६५ मध्ये प्रसिद्ध केला आणि तो घेऊन तो लंडनला जॉन व्हेनच्या प्रयोगशाळेत गेला. तेथे वाय. एस. बखले ह्यांनी १९६८ मध्ये दाखविले की, ह्या घटकाने ती शेपटी छाटण्याची क्रिया थांबते. बखले हे आडनाव त्या कागदांत वाचले तेव्हा मी क्षणभर थबकलो, हे कबूल करतो.

पुढे न्यू जर्सीतील स्क्विब कंपनीच्या डेव्हिड कशमन आणि मिगेल ओंदेत्ती ह्यांनी त्याच तत्त्वावर पोटात घेता येईल असे औषध तयार केले. त्याचे नाव कॅप्टोप्रिल. अमेरिकेत १९८१ मध्ये त्याला परवानगी मिळाली. साप ब्राझीलचा आणि पेटंट न्यू जर्सीचे. असो.

३

आता ह्या दूतांचा गाळणीशी संबंध काय तो पाहू. आपल्यापैकी जे शेतकरी आहेत त्यांना हे लवकर कळेल. वाफ्यात पाणी किती उभे राहील, हे दोन दारांवर अवलंबून असते, एक पाणी येण्याचे आणि एक जाण्याचे. येणारे दार मोठे उघडले तर पाणी वाढते. जाणारे दार बुजविले तरीही वाढते. प्रत्येक गुच्छालाही अशा दोन नळ्या आहेत. एकीतून रक्त आत येते, दुसरीतून बाहेर जाते. अँजिओटेन्सिन मुख्यतः बाहेर जाणारी नळी आवळते. त्यामुळे अंगातले रक्त कमी झाले तरी गुच्छातला दाब टिकतो आणि गाळणी चालू राहते.

येणारी नळी उघडी ठेवणारे दूत वेगळे आहेत. स्वीडनच्या उल्फ फोन ऑयलर ह्याने १९३५ मध्ये वीर्यात एक पदार्थ शोधला आणि तो प्रोस्टेट ग्रंथीतून येतो अशा समजुतीने त्याला 'प्रोस्टाग्लँडिन' म्हटले. पुढे कळले की, हे पदार्थ जवळजवळ साऱ्या शरीरात तयार होतात, मूत्रपिंडातही. धडधाकट माणूस पोटभर पाणी पिऊन सावलीत बसला असेल, तर मूत्रपिंडाला त्यांची फारशी गरज पडत नाही. पण घाम जाऊन अंगातले पाणी कमी झाले की, साऱ्या रक्तवाहिन्या आवळू लागतात. त्या वेळी प्रोस्टाग्लँडिनेच मूत्रपिंडाकडे येणारी नळी धरून ठेवतात.

१९७१ मध्ये ह्याच जॉन व्हेनने दाखविले की, अ‍ॅस्पिरिन आणि त्या जातीच्या गोळ्या दुखणे थांबवितात ते प्रोस्टाग्लँडिन तयार होण्याचे थांबवून. ह्या कामाबद्दल १९८२ मध्ये त्याला इतर दोघांबरोबर नोबेल मिळाले.

हे वाचले त्या रात्री मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. भट्टीपुढचा माणूस. पाणी कमी प्यालेला. येणारी नळी ज्या दूताच्या जोरावर उघडी आहे, त्या दूतालाच घालवून देणारी गोळी माझ्या खणातून गेलेली. दुखणारी कंबर थांबे, आणि त्याच वेळी आत, जेथे काहीच दुखत नाही, तेथे दाब खाली जाई. एखादे वेळी असे झाले तर मूत्रपिंड सावरते. वर्षानुवर्षे झाले तर सावरेलच असे नाही.

असे कामगारांच्या बाबतीत पूर्वीही घडले होते. स्वीडनमध्ये हुस्कव्हार्ना हे कारखान्याचे गाव. १९१८ च्या साथीत तेथे एका डॉक्टरने फेनासेटिन, फेनाझोन आणि कॅफीन घातलेली पूड दिली. साथ गेली, पण पूड राहिली. कामगार ती दिवसाचे काम उरकावे म्हणून घेऊ लागले. १९५३ मध्ये स्वित्झर्लंडच्या श्पूलर आणि त्सोलिंगर ह्यांनी अशा पुडींचा आणि मूत्रपिंडाच्या रोगाचा संबंध दाखविला, आणि १९६३ मध्ये ग्रिमलुंड ह्याने हुस्कव्हार्नाच्या कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फेनासेटिनची इजा मुख्यतः गुच्छांना नव्हे, मूत्रपिंडाच्या गाभ्याला होते, हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे. पण माणूस ती पूड का घेत होता, ह्याचे उत्तर तेथे आणि येथे एकच आहे.

४

आता उलट बाजू. दाब कमी होणे जसे वाईट, तसा तो जास्त होणेही वाईट. अमेरिकेतील बॅरी ब्रेनर ह्याने १९७१ पासून उंदरांच्या गुच्छांतला दाब प्रत्यक्ष मोजला. ह्या विशिष्ट जातीच्या उंदरांचे काही गुच्छ मूत्रपिंडाच्या पृष्ठभागावरच असतात, म्हणून ते शक्य झाले. उंदराचे बरेचसे मूत्रपिंड काढून टाकले की, उरलेले गुच्छ दुप्पट काम करू लागतात आणि त्यांच्यातला दाब चढतो. काही दिवस सारे ठीक चालल्यासारखे दिसते. मग त्या गुच्छांवर वण पडू लागतात आणि तेही बंद पडतात. १९८२ मध्ये ब्रेनर व त्याच्या सहकाऱ्यांनी ही उपपत्ती सविस्तर मांडली. निम्मी माणसे कमी करून उरलेल्यांकडून तेवढेच उत्पादन काढणारे कारखाने मी पाहिले आहेत, त्यामुळे मला ही उपपत्ती दोनदा वाचावी लागली नाही.

अँजिओटेन्सिन बाहेरची नळी सतत आवळून धरते तेव्हा असेच होते. १९९० मध्ये वेन बॉर्डर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वण पाडणाऱ्या दुसऱ्या एका दूताचाही पुरावा उंदरांत दिला. आणि १९९३ मध्ये एडमंड लुइस व त्याच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाने मूत्रपिंड बिघडलेल्या ४०९ रोग्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध केला : ज्यांना कॅप्टोप्रिल दिले, त्यांच्यात मूत्रपिंड झपाट्याने ढासळण्याचा धोका जवळजवळ निम्मा झाला. टिगरस्टेटच्या सशापासून येथवर ९५ वर्षे लागली.

पण हेच औषध घेणारा माणूस उन्हात पाण्यावाचून राबला आणि त्यावर दुखण्याची गोळी प्याला, तर येणारी नळीही गेली आणि जाणाऱ्या नळीचा आधारही गेला. मामाला रक्तदाबाचे औषध चालू होते. ते कोणते होते, हे मी त्या वेळी विचारलेही नव्हते.

५

मध्य अमेरिकेत, एल साल्वादोर आणि निकाराग्वा येथे, उसाच्या फडातील तरुण मजुरांची मूत्रपिंडे मधुमेह किंवा जुना रक्तदाब नसताना निकामी होतात. २००२ मध्ये एल साल्वादोरमधून ह्याबद्दल पहिला ठळक अहवाल आला. आपल्या देशात आंध्र प्रदेशातील उद्दानम भागातही अशाच रोगाची चर्चा आहे. ह्या रोगांचे कारण अजून पुरते ठरलेले नाही. मात्र मध्य अमेरिकेत उष्णता, अतिश्रम आणि पाण्याची तूट ह्यांवर संशय बळावला आहे, आणि तेथे पाणी, सावली आणि विश्रांती ह्या तीन गोष्टी फडावर देण्याचे प्रयोग झाले. आपल्या ऊसतोड मजुरांकडे त्या दृष्टीने पाहायला हरकत नाही.

ह्या तीन मागण्या मी ओळखतो. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या १८व्या कलमात पिण्याच्या पाण्याची सोय आणि २५०हून अधिक कामगार असतील तेथे उन्हाळ्यात पाणी गार करून देण्याची तरतूद घातली गेली. आम्ही ती मागणी पत्रात सदैव सर्वांत शेवटी लिहीत असू. पगारवाढ, बोनस, कायम नोकरी, आणि मग पाणी. मालकाशी बोलणी अडली की पहिली सोडून द्यायची मागणीही तीच असे. मी स्वतः ती दोन वेळा सोडून दिलेली आहे.

आता सोडीत नाही. ज्या कारखान्याची हकिगत सांगितली, तेथे पाण्याचा माठ भट्टीपासून दहा पावलांवर आला, आणि पाणी पिण्यास गेलेल्या वेळेचा हिशेब धरायचा नाही असे ठरावात लिहून घेतले. त्यासाठी आम्हाला सात महिने भांडावे लागले. वाटाघाटीत मी मालकाला त्या दोन नळ्यांचे चित्र काढून दाखविले. तो हसला, पण कागद त्याने ठेवून घेतला.

मामा त्याच्या आधीच्या पावसाळ्यात गेला. माझ्या टेबलाच्या खणात आता मीठ-साखरेच्या पाण्याच्या पुड्या असतात. कोणी गोळी मागितली, तर मी आधी विचारतो, सकाळपासून पाणी किती प्यालास, रक्तदाबाचे औषध चालू आहे काय, आणि मग त्याला डॉक्टरकडे धाडतो. काहींना ह्याचा राग येतो. "पूर्वी देत होतास की!" असे ते म्हणतात.

हो, देत होतो, असे मी त्यांना सांगतो. आणि आज आपल्यालाही तेच सांगितले.